नवेपणा कुठे ठेवायचा: वेगळी मालिका बंद पडू नये म्हणून

वेगळ्या वाटेने जाणारी मालिका एका सीझनमध्ये गुंडाळली जाते आणि त्याच वाहिनीवरची साचेबद्ध मालिका पंधरा-वीस वर्षं चालते. याचं खापर बहुतेक वेळा प्रेक्षकांच्या आवडीवर फोडलं जातं. एकदा तसं ठरवलं की लेखक-निर्मात्याच्या हातात काही उरत नाही. प्रत्यक्षात पुष्कळ उरतं. मालिका दर आठवड्याला नव्याने बनवावी लागते आणि दर आठवड्याला नव्याने विकावी लागते. नवेपणाची किंमत सुरुवातीला एकदाच चुकती होत असेल तर मालिका तगते. तीच किंमत प्रत्येक भागाला पुन्हा मोजावी लागत असेल, तर कितीही कौतुक झालं तरी दुसऱ्या सीझनपर्यंत ती दमते.

ही किंमत तिघांना पडते. प्रेक्षकाला समजून घेण्याची मेहनत पडते, निर्मात्याला पैसे आणि शूटिंगचे दिवस लागतात, आणि ही मालिका नेमकी कशाची आहे हे वाहिनीला प्रोमोच्या वीस सेकंदांत सांगावं लागतं. साचा या तिन्ही किमती उतरवतो, म्हणून तो टिकतो. कल्पनेतला नवेपणा शाबूत ठेवून या किमती कशा उतरवायच्या, ते पुढे क्रमाने दिलं आहे. उदाहरणं मुख्यतः अमेरिकी आणि ब्रिटिश टीव्हीवरची आहेत, कारण कुठली मालिका का आणि कधी बंद झाली याची नोंद तिथे सविस्तर सापडते.

आकडा कसा वाचायचा

रेटिंग म्हणजे टीव्ही असलेल्या सगळ्या घरांपैकी, किंवा एखाद्या वयोगटातल्या सगळ्या माणसांपैकी, किती टक्के लोकांनी मालिका पाहिली. शेअर म्हणजे त्या वेळी ज्यांचा टीव्ही चालू होता त्यांच्यापैकी किती टक्के. रात्री उशिराच्या स्लॉटला (प्रक्षेपणाच्या ठरलेल्या वेळेला) रेटिंग कमी आणि शेअर चांगला असू शकतो, म्हणून दोन्ही मागून घ्या. अमेरिकेत जाहिरातीचा दर दीर्घकाळ १८ ते ४९ या वयोगटाच्या रेटिंगवर ठरत आला. २००७ पासून तिथे प्रक्षेपणानंतरच्या तीन दिवसांत जाहिरातींसकट झालेलं पाहणंही हिशोबात धरलं जाऊ लागलं. मालिका एकूण किती लोकांना आवडली हा प्रश्न या व्यवहारात थेट कधी विचारलाच जात नाही.

रेटिंग नमुन्यावरून काढतात, हे छोट्या मालिकेच्या बाबतीत फार महत्त्वाचं ठरतं. समजा, नमुन्यात ५,००० घरं आहेत आणि मालिकेचं रेटिंग २ टक्के आहे. म्हणजे प्रत्यक्षात १०० घरांनी ती पाहिली. या आकड्यात साधारण ०.४ टक्क्यांची चूक दोन्ही बाजूंना संभवते. खरं रेटिंग १.६ असेल किंवा २.४ असेल. १० टक्क्यांच्या मालिकेलाही चूक असतेच, पण ती साधारण ०.८ टक्क्यांची, म्हणजे आकड्याच्या मानाने किरकोळ. एका आठवड्यात २.१ वरून १.८ वर आलेल्या मालिकेबद्दल कुणी घाबरून कथा बदलायला सांगितलं, तर चार आठवड्यांची सरासरी पुढे ठेवा. एकाच आठवड्याच्या घसरणीवरून चालू कथानक तोडल्याने आधी आलेला प्रेक्षकही बिथरतो.

आता घसरणीचं गणित. पहिल्या भागाला १०० प्रेक्षक धरा. दर भागाला आदल्या भागातले ८ टक्के गळतात असं समजा. सलग कथेच्या मालिकेत मधूनच कुणी शिरू शकत नसेल तर दहाव्या भागाला ४७ उरतात. आता दुसरी मालिका घ्या. तिचीही गळती तेवढीच, पण प्रत्येक भागाला ५ नवे प्रेक्षक आत येऊ शकतात. दहाव्या भागाला तिच्याकडे ८० असतात आणि पुढे आकडा ६२ च्या आसपास स्थिरावतो. दोन्ही मालिकांचा दर्जा सारखा, गळतीही सारखी; फरक फक्त दारं उघडी असण्याचा. साचेबद्ध मालिकांच्या दीर्घायुष्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि ते लेखनाच्या टेबलावरच ठरतं.

इंजिनाची परीक्षा

कल्पना आणि इंजिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कल्पना म्हणजे पहिल्या भागात काय घडतं. इंजिन म्हणजे चाळिसाव्या भागात गोष्ट कुठून येते. ‘मेलेली माणसं एका गावात परत येतात’ ही कल्पना झाली. ‘दर आठवड्याला एक परतलेला माणूस आपलं अर्धवट राहिलेलं काम घेऊन एकाच अधिकाऱ्याच्या टेबलासमोर येतो’ हे इंजिन झालं.

परीक्षा अशी घ्या. एका बैठकीत वीस भागांचे वन-लाइनर लिहा. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: या भागात कुणाला काय हवं आहे, कोण आडवं येतं, आणि शेवटी काय बदलतं. पहिले सहा सहज येतात. सातव्यापासून बाराव्यापर्यंत खरी कसोटी लागते. ‘नायिकेच्या भूतकाळातलं कुणीतरी परत येतं’, ‘नायकावर खोटा आळ येतो’ अशा कुठल्याही मालिकेत चालतील अशा ओळी तिथे दिसू लागल्या, तर इंजिन नाही, फक्त कल्पना आहे. अशा कल्पनेची सहा किंवा आठ भागांची मर्यादित मालिका करावी. तिला वीस-बावीस भागांच्या सीझनमध्ये ताणणं हा तिचा घात आहे.

वीस ओळी भरल्या तर त्या मालिकेशी संबंध नसलेल्या दोन लेखकांना इंजिनाचं एक वाक्य द्या आणि त्यांच्याकडून प्रत्येकी पाच ओळी मागा. त्यांना जमलं नाही तर दोष त्यांचा नाही. मालिका फक्त मूळ लेखकाच्या डोक्यात चालते आहे असा त्याचा अर्थ होतो, आणि तो आजारी पडला की चित्रीकरण थांबेल. साचेबद्ध मालिकेत पाच लेखक एकाच वेळी पाच भागांवर बसू शकतात. वेगळ्या मालिकेलाही हे जमलं पाहिजे, नाहीतर वर्षाला बावीस भाग पुरे होत नाहीत.

नवेपणाला एकच जागा द्या

‘कोलंबो’ १९७१ मध्ये नियमित मालिका म्हणून सुरू झाली. खुनी कोण हे तिच्यात सुरुवातीलाच दाखवतात. उत्सुकता असते ती तो सापडणार कसा याची. रहस्यकथेचा गाभाच उलटा केला, आणि ती उलटापालट हाच दर भागाचा ठरलेला नियम झाला. प्रेक्षकाला तो एकदाच शिकावा लागला. बाकी सगळं ओळखीचं: एक गुन्हा, एक तपास, शेवटी अटक. शिवाय ती दर आठवड्याला येत नसे. त्याच स्लॉटमध्ये इतर मालिकांशी पाळीपाळीने येई, त्यामुळे लेखकांना वेळ मिळत असे.

‘लॉ अँड ऑर्डर’मध्ये १९९० साली तासाचे दोन भाग केले: आधी पोलिसांचा तपास, मग खटला. या रचनेमागे व्यवहारही होता. त्या काळी पुनःप्रक्षेपणात तासाच्या मालिकांना गिऱ्हाईक कमी होतं, म्हणून गरज पडली तर अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करून विकता यावेत असा विचार झाला. पात्रं बदलत गेली, सगळा संच बदलला, तरी मालिका पहिल्या फेरीत सलग २० सीझन चालली, कारण प्रेक्षकाची बांधिलकी रचनेशी होती. ‘डॉक्टर हू’ने १९६६ मध्ये नायकाचा नटच बदलायची वेळ आली तेव्हा नायकाचं शरीर पालटतं असं दाखवलं. अडचण निवारायला काढलेली ती युक्ती मालिकेचा कणा ठरली.

यातून कामाचा नियम असा निघतो. मालिकेचे पाच घटक कागदावर मांडा: जग, मुख्य पात्रं, भागाची रचना, सूर, दृश्यशैली. यातला एक पूर्ण नवा असू द्या, दुसरा अर्धा नवा, आणि उरलेले तीन प्रेक्षकाच्या ओळखीचे. तीन घटक एकदम नवे झाले की प्रेक्षकाला पाय टेकायला जागा राहत नाही, आणि प्रोमो करणारी टीम सगळ्यात सोपा, बहुधा चुकीचा, घटक उचलून जाहिरात करते. चुकीच्या प्रोमोने आलेला प्रेक्षक दुसऱ्या भागाला निघून जातो. ज्याच्यासाठी मालिका बनली तो तर आलेलाच नसतो. म्हणून प्रोमोचं मुख्य वाक्य लेखकानेच लिहून द्यावं आणि ते करारातल्या सादरीकरणाच्या कागदांत जोडावं.

सूर हा घटक सगळ्यात धोक्याचा. १९८२ मध्ये ‘पोलीस स्क्वाड!’ ही विडंबन मालिका सहा भागांत बंद झाली. तिच्यातले विनोद चौकटीच्या कोपऱ्यात, पार्श्वभूमीच्या पाट्यांवर, गंभीर चेहऱ्याने म्हटलेल्या संवादांत होते. काम करता करता टीव्ही ऐकणाऱ्या माणसाला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि हास्याचा ध्वनीही नव्हता. तेच कर्ते तीच गोष्ट घेऊन १९८८ मध्ये चित्रपटगृहात गेले आणि ती तुफान चालली. तिथे प्रेक्षक पडद्याकडेच बघत असतो. मालिका लिहिताना हे तपासा: फक्त आवाज ऐकून दृश्याचा निम्मा अर्थ लागतो का? रोजच्या वाहिनीसाठी लागायलाच हवा. ओटीटीवर थोडी सूट मिळते, पूर्ण नाही.

प्रत्येक भागात दार ठेवा

भागाच्या पानांचा हिशोब टक्क्यांत करा. पहिल्या सीझनमध्ये सत्तर टक्के पानं त्याच भागात सुरू होऊन संपणाऱ्या गोष्टीला, तीस टक्के लांब पल्ल्याच्या कथेला. दुसऱ्या सीझनपासून साठ-चाळीस. ‘द एक्स-फाइल्स’ने हे फार नेटकेपणे केलं: बहुतेक भाग स्वतंत्र प्रकरणांचे, मधेमधे सगळ्या मालिकेत चालणाऱ्या मूळ कटाचे. ती १९९३ मध्ये शुक्रवारी रात्री सुरू झाली, म्हणजे लोक बाहेर असण्याच्या वेळेला. तरीही वाढत गेली आणि १९९६ मध्ये रविवारी आली. एखादा शुक्रवार चुकला तरी पुढच्या भागात सहज शिरता येई.

‘फायरफ्लाय’ला २००२ मध्ये त्याच वाहिनीवर शुक्रवारचाच स्लॉट मिळाला. तिच्यात नऊ मुख्य पात्रं, त्यांचे आपापसातले जुने हिशोब, आणि अमेरिकेच्या जुन्या पश्चिम सीमेवरच्या वस्त्यांना अंतराळाशी जोडणारं नवं जग. हे सगळं समजावणारा दोन तासांचा पहिला भाग वाहिनीने सुरुवातीला दाखवलाच नाही; तो डिसेंबरमध्ये, सगळ्यात शेवटी दाखवला. १४ भाग तयार होते, त्यातले ११ दाखवून मालिका थांबवली. वाहिनीचा तो निर्णय चुकीचाच होता. पण क्रम बदलणं ही नेहमीची जोखीम आहे, आणि लेखक तिची तयारी आधीच ठेवू शकतो.

तयारी म्हणजे हे:

१. पहिले तीन भाग असे लिहा की त्यातला कुठलाही पहिला दाखवला तरी चालेल. तिन्हींत पहिल्या दहा मिनिटांत मुख्य पात्रं आपलं काम करताना दिसली पाहिजेत. माहिती संवादातून सांगू नका, पात्राच्या कामातून दाखवा: वैद्य जखम बांधतो, चोर कुलूप उघडतो.

२. पहिला भाग वाहिनीच्या नेहमीच्या लांबीचाच ठेवा. जास्त लांब भागाला वेगळा स्लॉट काढावा लागतो आणि तिथेच तो बाजूला पडतो.

३. ‘मागील भागात’ ४० सेकंदांच्या आत बसवा. त्यासाठी लागणारी वाक्यं मूळ दृश्यांत मुद्दाम स्वच्छ बोलली गेली आहेत का ते शूटिंगच्या वेळी बघा. संकलनात ती सापडत नाहीत.

४. प्रत्येक सहाव्या-सातव्या भागात एक नवखं पात्र आणा, ज्याला या जगाचे नियम माहीत नाहीत. त्याच्यासोबत नवा प्रेक्षक आत येतो आणि जुन्याला उजळणीचा कंटाळा येत नाही.

खर्च: सेटवर किती पानं

अमेरिकेतल्या तासाच्या मालिकेचा भाग, जाहिराती वगळता साधारण ४२ ते ४४ मिनिटांचा, सात-आठ दिवसांत शूट होतो. दोन वेगळ्या ठिकाणांमध्ये युनिट हलवायला अर्धा दिवस गेला की आठवड्यात तेवढी पानं कमी होतात. साचेबद्ध मालिकेकडे कायमचे सेट असतात: पोलीस ठाणं, न्यायालय, रुग्णालय, घर. त्यांचा खर्च शंभर भागांत वाटला जातो. दर आठवड्याला नवं जग दाखवणाऱ्या मालिकेला तो खर्च दर भागाला नव्याने पडतो, आणि भाग पडद्यावर यायच्या आधीच ती तोट्यात असते.

पटकथेच्या पानांपैकी किमान साठ टक्के पानं कायमच्या सेटवर पडली पाहिजेत. पडत नसतील तर सेटच कथेतून शोधा. ‘स्टार ट्रेक’मध्ये दर आठवड्याला नव्या ग्रहावर यान उतरवणं परवडणारं नव्हतं, म्हणून माणसांना किरणांतून थेट खाली पोहोचवणारं यंत्र आलं. खर्चाच्या अडचणीतून निघालेली ती कल्पना मालिकेची ओळख झाली. अंतराळयानाचा आतला भाग हा तिचा कायमचा सेट. उलट ‘सेन्स८’चं पहिल्या सीझनचं चित्रीकरण जगभरच्या नऊ शहरांत झालं, कारण आठ पात्रं आठ ठिकाणची होती आणि मालिकेचं सौंदर्यच त्यात होतं. २०१५ मध्ये आलेली ही मालिका २०१७ मध्ये रद्द झाली. प्रेक्षकांनी लावून धरल्यावर २०१८ मध्ये अडीच तासांचा समारोप मिळाला. भटकंती कथेचा प्राणच असेल तर त्या मालिकेचं आयुष्य आधीच कमी सीझनचं धरून कथा आखावी.

प्रत्येक सीझनमध्ये दोन भाग एकाच बंद जागेत, मुख्य पात्रांपुरते लिहा. बाहेरचे कलाकार नाहीत, नवा सेट नाही. वाचलेले पैसे सीझनच्या शेवटच्या भागाला द्या. ‘ब्रेकिंग बॅड’च्या तिसऱ्या सीझनमधला माशीचा भाग अशाच काटकसरीपोटी एका जागी घडवला गेला. असे भाग पहिल्या चारांत मात्र ठेवू नका. जग दिसण्याआधी त्याची भिंत दाखवल्यासारखं होतं. काटकसर चुकीच्या ठिकाणी केली की ती पडद्यावर दिसते. ‘द ट्वायलाइट झोन’च्या दुसऱ्या सीझनमध्ये सहा भाग पैसे वाचवायला फिल्मऐवजी व्हिडिओ टेपवर केले. बचत थोडी झाली, बाह्यचित्रीकरण जवळजवळ अशक्य झालं, आणि तो प्रयोग पुढे नेला नाही.

मोठा प्रश्न आणि त्याचं उत्तर

वेगळ्या मालिका सगळ्यात जास्त इथे फसतात. एका मोठ्या रहस्यावर मालिका उभी केली की दोन्ही बाजूंनी कोंडी होते. उत्तर दिलं तर बघायचं कारण संपतं. नाही दिलं तर प्रेक्षक चिडतो. ‘ट्विन पीक्स’ १९९० च्या एप्रिलमध्ये सुरू झाली तेव्हा लॉरा पामरला कुणी मारलं हा प्रश्न सगळीकडे विचारला जात होता. वाहिनीच्या दबावाखाली त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खुनी उघड केला. दरम्यान मालिका शनिवारी रात्री हलवली होती. पुढच्या भागांना तेवढ्या वजनाचा प्रश्न मिळाला नाही आणि १९९१ च्या जूनमध्ये ती संपली.

यावर उपाय म्हणजे प्रश्नांची उतरंड लावणं. भागाचा प्रश्न त्याच भागात सुटतो. सहा-आठ भागांचा प्रश्न मध्यावर सुटतो. सीझनचा प्रश्न शेवटच्या भागात सुटतो. मालिकेचा प्रश्न एकच, आणि त्याचं उत्तर पहिल्या दिवशी लिहून बंद पाकिटात निर्मात्याकडे द्यायचं. प्रत्येक उत्तरातून पुढच्या पातळीचा प्रश्न निघाला पाहिजे. ‘कोण?’ सुटल्यावर ‘का?’ राहतो, आणि ‘का?’ सुटल्यावर ‘आता काय?’. ज्या मालिकेकडे फक्त ‘कोण?’ आहे ती एका सीझनचीच आहे. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ने दर सीझनला एक मुख्य शत्रू ठेवला आणि सीझनच्या शेवटी त्याचा हिशोब पुरा केला. पुढचा सीझन मिळाला नसता तरी गोष्ट अर्धवट वाटली नसती. अशा सात सीझनमध्ये १४४ भाग झाले.

किती भाग मिळणार हे माहीत नसणं हीच अडचण असेल तर ते ठरवून घ्या. २००७ मध्ये ‘लॉस्ट’च्या कर्त्यांनी वाहिनीकडून शेवटची तारीख मिळवली: उरलेले ४८ भाग तीन सीझनमध्ये करायचे आणि २०१० मध्ये संपवायचं. चालणाऱ्या मालिकेचा शेवट तीन वर्षं आधी जाहीर करायला वाहिनी सहसा तयार होत नाही. पण ती मागणी करायची वेळ मालिका जोरात असतानाचीच. आकडे उतरल्यावर कुणी ऐकत नाही.

‘बॅबिलॉन ५’चं नियोजन तर अभ्यासासारखं आहे. पाच वर्षांची कथा आधी आखली होती, आणि प्रत्येक पात्रासाठी एक चोरवाट ठेवली होती: नट सोडून गेला तर त्याचं कथेतलं काम कोण आणि कसं उचलेल. पहिल्या सीझननंतर मुख्य नटच गेला तेव्हा ती वाट वापरली गेली. पाचवा सीझन मिळेल की नाही हे चौथ्याच्या वेळी कळेना, म्हणून मुख्य संघर्ष चौथ्यातच आवरला आणि समारोपाचा भागही तेव्हाच चित्रित केला. पाचवा सीझन दुसऱ्या वाहिनीवर मिळाला, तेव्हा तो भाग राखून ठेवून शेवटी दाखवला. घाईत आवरल्याचा ताण चौथ्या-पाचव्या सीझनमध्ये जाणवतो, पण गोष्ट पूर्ण झाली.

तुमच्या आराखड्यात प्रत्येक मुख्य पात्रासमोर दोन नावं लिहा: हे पात्र गेलं तर त्याचं रहस्य कुणाकडे जाईल, आणि त्याचं काम कुणाकडे.

हक्क कुणाकडे आहेत

लेखक या कागदांकडे बघत नाहीत, आणि निर्णय तिथेच होतो. अमेरिकेत १९७० च्या नियमांमुळे मोठ्या वाहिन्यांना आपल्या मुख्य वेळेतल्या मालिकांच्या पुनर्विक्रीत वाटा घेता येत नसे. ते नियम १९९० च्या दशकात गेले आणि वाहिन्या स्वतःच मालिकांच्या मालक होऊ लागल्या. तेव्हापासून दोन मालिकांचे आकडे सारखेच असतील तर वाहिनी स्वतःच्या मालकीची मालिका ठेवते. पुनःप्रक्षेपणासाठी ८८ ते १०० भागांचा साठा लागतो असा तिथला संकेत आहे: आठवड्याचे पाच दिवस दाखवले तर शंभर भाग वीस आठवडे पुरतात. बावीस भागांचे चार सीझन म्हणजे ८८. त्यामुळे तिसरा सीझन पार केलेल्या मालिकेला चौथा मिळण्याची शक्यता वाढते. निर्माती कंपनी दर कमी करूनही तो मिळवते.

हक्क बाहेर असण्याचे दोन्ही परिणाम ‘द एक्सपान्स’मध्ये दिसतात. वाहिनीकडे फक्त अमेरिकेतल्या पहिल्या प्रक्षेपणाचे हक्क होते. इतर ठिकाणी, इतर वेळी पाहणाऱ्यांचा तिला उपयोग नव्हता, म्हणून २०१८ मध्ये तीन सीझननंतर तिने मालिका सोडली. पण हक्क निर्मात्याकडेच असल्याने ती त्याच वर्षी ॲमेझॉनकडे गेली. करार करताना एक कलम जरूर मागा: वाहिनीने पुढचा सीझन घेतला नाही तर ठरावीक मुदतीत, समजा ९० दिवसांत, मालिका दुसरीकडे नेण्याची मोकळीक. मुदत लांबली की सेट मोडतात, कलाकार दुसऱ्या कामात गुंततात आणि मोकळीक कागदावरच राहते.

वाहिनीची स्थितीही बघा. ‘चिअर्स’ १९८२ मध्ये आली तेव्हा रेटिंगच्या यादीत जवळजवळ तळाला होती. तिची वाहिनी तेव्हा तीन मोठ्यांत शेवटची होती, त्या जागी टाकायला तिच्याकडे जास्त चांगलं काही नव्हतं. मालिकेला वेळ मिळाला आणि ती ११ सीझन चालली. नव्या कल्पनेसाठी पहिल्या क्रमांकाच्या वाहिनीचा सगळ्यात महागडा स्लॉट मागणं धोक्याचं आहे. तिथे दोन आठवड्यांत निकाल लागतो.

ओटीटीवर

इथे स्लॉट नाही, पण घाई जास्त आहे. नेटफ्लिक्स २०२३ पासून आपल्या यादीत एकूण पाहिलेले तास भागिले मालिकेची एकूण लांबी असा ‘व्ह्यूज’चा आकडा देतं. आठ भागांची, प्रत्येकी ५० मिनिटांची मालिका ४०० मिनिटांची होते. सगळे चौथ्या भागावर थांबले तर हा आकडा निम्मा होतो. त्यामुळे किती लोकांनी सुरू केली याइतकंच किती जणांनी संपवली हेही मोजलं जातं. ‘१८९९’ नोव्हेंबर २०२२ मध्ये आली आणि जानेवारी २०२३ च्या सुरुवातीलाच ती पुढे होणार नसल्याचं कर्त्यांनी जाहीर केलं. त्याच कर्त्यांची ‘डार्क’ २०१७ ते २०२० मध्ये तीन सीझन, २६ भागांत पूर्ण झाली होती. गुंतागुंत दोन्हींत होती. ‘डार्क’कडे एक गाव आणि चार कुटुंबं होती, ‘१८९९’मध्ये अनेक भाषा बोलणारे प्रवासी आणि खर्चिक जहाज होतं, आणि पहिल्या सीझनचा शेवट सगळा खेळ नव्याने मांडून झाला होता.

ओटीटीसाठी तिसऱ्या आणि पाचव्या भागावर सर्वात जास्त कष्ट घ्या. बहुतेक लेखक पहिल्या आणि शेवटच्या भागावर घेतात, पण सोडून जाणारा माणूस मधे जातो. भाग ५० मिनिटांवरून ४० वर आणणं हा पूर्ण पाहिलं जाण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

बंद होण्याची चिन्हं दिसू लागली की

स्लॉट बदलणं, सलग दोन आठवडे भाग न दाखवणं, प्रोमो थांबणं, वाहिनीने सुरुवातीला मागवलेल्या भागांची संख्या १३ वरून कमी होणं: यातली दोन एकदम दिसली की शेवट लिहायला घ्या.

प्रेक्षकांच्या मोहिमांचा उपयोग होतो, पण मर्यादित. ‘जेरिको’साठी २००७ मध्ये प्रेक्षकांनी वाहिनीला जवळजवळ २० टन शेंगदाणे पाठवले आणि सात भाग आणखी मिळाले, त्यानंतर मालिका संपली. ‘स्टार ट्रेक’ला पत्रांच्या मोहिमेनंतर तिसरा सीझन मिळाला, पण शुक्रवारी रात्री दहाचा, आणि ७९ भागांवर ती थांबली. पैशाची नवी वाट दाखवणाऱ्या गोष्टी जास्त चालतात. ‘फ्रायडे नाइट लाइट्स’चा खर्च तिसऱ्या सीझनपासून एका उपग्रह सेवेने वाटून घेतला, त्या बदल्यात भाग आधी तिथे दाखवले, मालिका पाच सीझन पूर्ण झाली. ‘फॅमिली गाय’ २००२ मध्ये बंद झाली होती, पण डीव्हीडीची विक्री आणि दुसऱ्या वाहिनीवरच्या पुनःप्रक्षेपणाचे आकडे पाहून २००५ मध्ये परत आणली. म्हणून मोहीम करायचीच असेल तर सह्या गोळा करण्यापेक्षा प्रेक्षकांना अधिकृत ठिकाणी आधीचे भाग बघायला, विकत घ्यायला सांगा.

आणि सीझनच्या शेवटच्या भागाचं शूटिंग असं करा: शेवटची चार पानं दोन प्रकारे लिहा, एक पुढे नेणारी आणि एक मिटवणारी. दोन्ही त्याच सेटवर, त्याच कलाकारांत, त्याच प्रकाशयोजनेत बसली पाहिजेत, म्हणजे जास्तीचा अर्धाच दिवस लागेल. मिटवणारं दृश्य आधी चित्रित करा. शिफ्ट संपत आली की जे उरतं तेच कापलं जातं. संकलन दोन्हींचं पूर्ण करून, ध्वनी मिसळून ठेवा, आणि प्रक्षेपणाच्या दहा दिवस आधीपर्यंत पुढच्या सीझनचा लेखी होकार हातात आला नसेल तर मिटवणारी प्रत पाठवा.